स्प्रिंगच्या पेटीतली धडधड

सोमवार, ता. ९ फेब्रु.
दिवाळीपासून वही उघडली नाही, माफी असावी. हात थरथरतो, अक्षर मलाच लागत नाही. दुधनीचे अन्वरभाई त्यांचा गिटारचा जुना वॉल्व्हवाला अँप्लिफायर टाकून गेले. आवाज येतो, इको गेला. इकोसाठी खाली स्प्रिंगची पेटी असते, तिच्यातच काहीतरी मेलंय. शुक्रवारी दुधनीत त्यांचा कार्यक्रम. "ना नक्को बोलो चचा, तुमारे सिवा ये कोन समझता?"
नाही म्हणवलं नाही. मुलगा महेश तापला. "अप्पा, त्या डब्यात तीनशे व्होल्ट असतात. तुमचा हात बघा जरा." त्याला कबूल केलंय, हे काम बिघडून परत आलं तर दुरुस्तीच्या दुकानाचा बोर्ड उतरवीन. कशाला बोललो.

मंगळ., ता. १०
सापडलं. पेटीतल्या कॉइलची तार तुटलेली, केसाहून बारीक. कंडेन्सरमधला करंट आधी उतरवला. परत एकदा उतरवला. तरी भीती. मनगट टेबलाला टेकवून सोल्डर मारला, सुटला, परत मारला. इको आला!
पण त्याखाली धड्-धड्-धड्. इकोचं बटन शून्यावर नेलं की बंद. म्हणजे पेटीत, नाहीतर तिच्या पुढच्या वॉल्व्हमधे.

बुध., ता. ११
वॉल्व्ह बदलला, माझ्याकडचा शेवटचा. बटन अर्ध्यावर ठेवून ऐकलं. साफ! अन्वरभाईंना फोन केला, उद्या या.
आज यंत्रमागांना सुट्टी. शेजारच्या कारखान्याचा नरसय्या चहाला आला. "काय वो अप्पा, आज लई खुशीत?" म्हटलं, व्हय.

गुरु., ता. १२
अब्रू गेली. अन्वरभाईंसमोर चालू केलं आणि धड्-धड्. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. वॉल्व्ह काढला, घातला.
सूनबाई चहा घेऊन आली. ती माहेरची वळसंगची. कप ठेवता ठेवता म्हणाली, "मामा, ह्यो तर नरसय्यांच्या मागांचा आवाज हाय की."
"कुठला आवाज?"
"आता काय सांगावं! लगीन करून आले तवा लई दिवस झोप न्हवती मला."
अन्वरभाई हसायला लागले. "चचा, बहरे हो गए क्या?"
मग ऐकला. भिंतीतून, फरशीतून, टेबलातून पेटीत. जन्म गेला या बोळात, ऐकू येणं कधी थांबलं कळलंच नाही. पेटी हातात उचलून धरली तर धडधड कमी झाली, पण माझ्या हाताच्या थरथरीनं स्प्रिंगा वाजायला लागल्या. खाली ठेवली.
नरसय्याला म्हटलं, जरा माग थांबव. "ऑर्डर हाय माझी, न्हाय थांबवत. लाईट जायाची वाट बघा की." लाईट गेल्यावर अँप्लिफायर कशावर चालवू? नरसय्या ते कळूनच हसला.
अन्वरभाई दुपारच्या एसटीनं घेऊन गेले. पेटीखाली घालायला चादर दिली घडी करून. नरसय्याच्याच मागावरची.

शुक्र., ता. १३
बुधवारी बटन अर्ध्यावरच ठेवलं होतं. पुरं का नाही फिरवलं? मागच बंद होते तेव्हा, तेवढीच संधी होती. अन्वरभाई तर पुरं फिरवून वाजवतात. आणि एसटीच्या हिसक्यात सोल्डर सुटला असला तर…
आता आठवलं. जाताना म्हणाले होते, जनरेटर स्टेजच्या मागंच लावणार. जनरेटर म्हणजे परत तीच धडधड, स्टेजच्या फळ्यांतून पेटीत…
महेश बोर्डाकडे बघून आत गेला.
फोन लावतोय, उचलत नाहीत. सूनबाईकडून निरोप लिहवून पाठवला: "अन्वरभाई, चादर पेटीखालून काढू नका. जनरेटर लांब लावा. बटन पुरं फिरवून काय ऐकू येतं ते लगेच कळवा. चांगलं नसलं तरी कळवा."