सगळे शब्द तिचेच

३ जून
लागले एकदाची कामाला. सगळं शहर जिची गाणी गुणगुणतं, तिच्या घरात चहा करायचा, रेकॉर्डिंगच्या वायरी गुंडाळायच्या आणि माडीवर राहायचं. खिडकीत कबुतराचं घरटं आहे, दोन अंडी, एक जरा मळकट— असो. आई असती तर म्हणाली असती, भिंगरी, आता तरी एका जागी टिक. नवा अल्बम दहा गाण्यांचा. सगळी तिनंच लिहिलेली, गरिबांवर, अन्यायावर. आठ झालीत.

६ जून
आज नववं झालं. एक सफाईवाला आला होता. भाऊ गटारात गुदमरून गेला, ते सगळं त्यानं माइकसमोर सांगितलं. ती त्याचा हात धरून खरोखर रडली. मग एका बैठकीत गाणं लिहिलं, खाडाखोड नाही. फाटकाशी मी त्याला म्हटलं, भावाचं ऐकून वाईट वाटलं. त्यानं विचारलं, कुठला भाऊ?
साउंडवाले काका म्हणाले, मन हलकं झालं त्याचं, तू वायरी गुंडाळ.

९ जून
सातव्या गाण्यातली बाई नणंदेबरोबर आली. नणंद सांगत होती, वहिनी गेलेल्या पोराच्या फोटोकडे बघून विचारते, हा कुणाचा? तुमचं गाणं तुम्हालाच लखलाभ, म्हणाली, हिला हिचा पोरगा द्या. बाई नुसती हसत उभी.
गाणं लिहिणारी ती शांतपणे म्हणाली, आता लाखो लोक त्याच्यासाठी रडतात. एकटीनं लक्षात ठेवून हिनं काय केलं असतं?

११ जून
तिनं मला आईबद्दल विचारलं. पिशवी भरली, जिन्यापर्यंत गेले. पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. माइकसमोर बसले. शिवणकारखाना, आग, धूर. अर्ध्यातून उठले. दाराआडून आईनं मारलेली शेवटची हाक तिला नाही दिली. ती माझी.

१२ जून
आईचा चेहरा— नाक आठवतंय. बहुतेक.

१३ जून
ती म्हणते, शेवटाशिवाय गाणं लंगडं. दार बाहेरून बंद होतं हे कुणाला कळणारच नाही. मालक मोकळाच.
खरं आहे ते.
जाते खाली.

१४ जून
गाणं ऐकलं. सुरेख. भिंगरी नावाची एक पोर, बंद दाराआडून तिची आई हाक मारते. रडले मी. कुणाची असेल बिचारी.
वहीच्या पहिल्या पानावरही भिंगरी आहे. अक्षर माझंच.
काकांना विचारलं. त्यांनी वायरी हातात दिल्या.
अंडी फुटली, पिल्लं चोच उघडून कुणाला तरी— त्यांची ती— काय म्हणतात तिला, जी