मला सुचली नसती अशी गोष्ट

डोंबिवली पश्चिम,
१७ नोव्हेंबर २०२५

ती. उत्तराताईस,

साष्टांग नमस्कार. साष्टांग घालायला डॉक्टरांची मनाई आहे, म्हणून कागदावरच.

शहाडला थंडी पडली का? इथे कोपर स्टेशनच्या बाजूला सकाळी खाडीवरून जरा गार वारा येतो आणि पाठोपाठ डास. आसावरी मला बिनमिठाची दुधीची भाजी वाढते आणि ती संपेपर्यंत समोर बसून राहते. ऑगस्टमध्ये बँकेच्या रांगेत माझं हृदय बंद पडलं, तिथल्या वॉचमनने छाती दाबता दाबता बरगडी मोडली आणि मी परत आलो. तेव्हापासून आमच्या घरातली लोकशाही संपली.

तू फोनवर विचारलेलंस, "त्र्यंबक, कट्ट्यावरचं तुझं भाषण ऐकलं. तू आणि दिव्य प्रकाश?" तेव्हा मला खोकला आला. तो खोटा होता.

झालं असं की ज्येष्ठ नागरिक कट्ट्याने माझा सत्कार ठेवला. डोंबिवलीत माणूस अमेरिकेहून आला तरी अनुभवकथन ठेवतात, मी तर त्याहून लांबून आलेलो. आयुष्यभर आपल्या कथांतून बुवाबाजीची टिंगल केलेला लेखक आता काय बोलतो, म्हणून गर्दी. पहिल्या रांगेत आमच्या खालच्या मजल्यावरच्या कर्णिकवहिनी. त्यांचे यजमान जूनमध्ये आयसीयूतच वारले. त्यांनी विचारलं, "भावजी, ह्यांना भीती वाटली असेल का हो?"

मी म्हटलं, "छे. प्रकाश असतो. माझी तर आई उभी होती."

टाळ्या. शाल. नारळ.

ताई, आई नव्हती.

एवढं लिहून पाणी पिऊन आलो. आता उरलेलं.

सुश्रुत म्हणून एक मुलगा येतो. मृत्यूच्या जवळून परतलेल्यांचा मानसशास्त्रीय अभ्यास करतो. शांत वाटलं का, वेळ थांबली का, शरीराबाहेर गेल्यासारखं वाटलं का, असे प्रश्न विचारतो. त्याने सांगितलं की बाहेरच्या काही इस्पितळांत संशोधकांनी छताजवळच्या फळ्यांवर चित्रं ठेवली होती. कुणी खरंच वर तरंगलं तर त्याला ती दिसतील, खालच्यांना दिसणार नाहीत. मी म्हटलं, "मग दिसली का?" तो म्हणाला, "अजून तरी तसं कुणी सांगितलेलं नाही, काका." मग हळूच म्हणाला, "काहींना भयंकरही अनुभव येतात. ते लोक सहसा बोलत नाहीत."

त्याला सांगितलं ते तुला सांगतो. तिथे अंधारही नव्हता. अंधाराला निदान भिंत लागते. तिथे फक्त कुणीतरी मला सांगत होतं, शांतपणे, पालिकेच्या खिडकीमागच्या माणसाच्या सुरात: तू इथेच होतास. डोंबिवली, बायको, बँक, सगळं तूच रचलंस, वेळ जावा म्हणून. मी म्हटलं, ताई तर माझ्याआधी जन्मली, तिला मी कशी रचेन? उत्तर आलं: तेही तूच लिहिलंस, आणि बरं लिहिलंस. लेखनाचं कौतुक ऐकून घाम फुटायची ही पहिलीच वेळ.

सुश्रुतने धीर दिला. "काका, मेंदूला रक्त कमी पडलं की तो हाती लागेल त्यातून गोष्ट रचतो."

आता बघ. तिथल्या आवाजाचंही हेच म्हणणं होतं.

गेल्या महिन्यात तुला फोन यायचे, पलीकडून कुणी बोलायचं नाही. तो मी. सोसायटीच्या ऑफिसातून करायचो. तू "कोण आहे रे मेल्या?" म्हणायचीस आणि मला बरं वाटायचं. ठेवल्यावर वाटायचं, हे तर मीही लिहिलं असतं. आसावरीला यातलं काही सांगितलेलं नाही. ती रडेल, आणि तिचं रडणंही मला माझ्याच हातचं वाटेल.

आता खरं काम. गुरुवारी माझ्या छातीत एक यंत्र बसवणार आहेत. हृदय पुन्हा अडखळलं तर ते आतूनच झटका देईल. ते चालतं की नाही हे बघायला, भूल देऊन, डॉक्टर माझं हृदय मुद्दाम बिघडवणार. थोडेच सेकंद. मी विचारलं, हे टाळता नाही का येणार? "तुमच्या बाबतीत नको टाळायला. इन्व्हर्टर बसवल्यावर मेन स्विच बंद करून बघतोच ना आपण?" डॉक्टर हसले. मीही हसलो. आसावरीने संमतीचा कागद घडी करून पिशवीत ठेवला.

मी अजून सही केलेली नाही. यंत्र नको म्हटलं तर पुढच्या वेळी वॉचमन असेलच असं नाही. हवं म्हटलं तर गुरुवारी तिथे जायचं. मरायची भीती नाही गं. मधल्या त्या सेकंदांत तो आवाज वाट बघत असेल, आणि तिथे सेकंद मोजायला घड्याळ नाही.

तू ये. येताना मला माहीत नसलेली, मला सुचली नसती अशी एक गोष्ट घेऊन ये. आईची नको, आईचे संवाद मी झोपेतही लिहीन. मोहने गावी भाऊजींच्या कंपनीच्या खोलीत तू दिवस दिवस एकटी असायचीस, तेव्हाचं काहीतरी. निरर्थक असलं तर उत्तम, लाजिरवाणं असलं तर त्याहून. मात्र आधी सांगू नकोस. मी डोळे उघडले की कानाशी ये आणि सांग. मी आत जाताना ती तुझ्यापाशी असू दे, माझ्या हाताला न लागणाऱ्या फळीवर.

सुश्रुत म्हणतो, याने काही सिद्ध होत नाही. बरोबर आहे त्याचं. तरी तू आलीस की मी सही करीन.

तू आहेस असं धरून,
तुझा
त्र्यंबक