रिकाची साक्ष

प्रिय कॉर्विन,

तुला ‘पाळकसाहेब’ म्हणायला माझी जीभ काही वळत नाही. लहानपणी चर्चच्या प्रश्नोत्तरीच्या वर्गात, धर्माची ठरलेली उत्तरं पाठ म्हणताना, मी कानात सांगितलेलं बरोबर उत्तर जो मोठ्यांदा चुकीचं म्हणायचा, त्याला इतका मान द्यायचा म्हणजे अतिच झालं. तेव्हा नुसता कॉर्विन.

गेल्या रविवारी तुमच्या उपासनेला येऊन गेलो. मागे अंधारात बसलो होतो, म्हणून दिसलो नसेन. मंचावर धूर दिसला तेव्हा आधी वाटलं, आग लागली. शेजारची मुलगी म्हणाली, “घाबरू नका काका, तो मुद्दाम सोडतात,” आणि तिनं माझ्या हातावर कापसाचे बोळे ठेवले. ढोल सुरू झाला की कानांत घालायला. आपल्या लहानपणीच्या बौमा पाळकांच्या उपदेशाला लोक असले बोळे स्वखर्चानं घरून आणायचे, हे तुला आठवत असेलच. चिडू नकोस. मी पडलो संस्कृतचा मास्तर. मिशिगनच्या बर्फात बसून पोरांना प्रमाणं शिकवतो. आमच्या जुन्या चर्चला शब्द तेवढा प्रमाण, तुमच्याकडे प्रत्यक्ष तेवढं. अंगावर काटा आला की देव आला. नाही आला तर ढोलवाल्याला खूण करायची.

थट्टा पुरे. माझ्या रिकाचा कर्करोग परत आला आहे. या खेपेस यकृतात. डॉक्टरीणबाईंनी औषधं थांबवली. आता फक्त वेदना कमी ठेवायच्या. हे तुला ठाऊक नाही, कारण तिनं कुणालाच कळू दिलेलं नाही. तुमच्या चर्चमधल्या बायकांचे फोन आले की मला खुणावते, “बहिणीला बरं नाही असं म्हणू नकोस हं. आयोवाला मामेबहिणीकडे गेलीय म्हण.” या वयात मी खोटं बोलायला शिकलो, आणि विद्यार्थी म्हणून अगदीच सामान्य निघालो.

पहिल्या आजारपणात आमच्या चर्चचे दोन वडीलधारे कारभारी रीतीप्रमाणे भेटीला आले होते. काळे सूट, कॉफी, आणि ईश्वरी संकल्पावर निर्दोष विवेचन. एकाही वाक्यात चूक काढता आली नसती. ते गेल्यावर रिका म्हणाली, “बरोबर बोलले रे सगळं. पण माझ्याकडे बघितलं का कुणी?” दुसऱ्या दिवशी तू वाटाण्याच्या सूपचं भांडं घेऊन आलास, तिच्या खाटेशी जमिनीवर बसलास आणि चक्क रडलास. त्या दिवसापासून ती तुमच्या चर्चची झाली. पुढं दर रविवारी मीच तिला गाडीनं तुमच्या दाराशी सोडत होतो, आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही, हेही लिहून ठेवतो.

मग एक तपासणी स्वच्छ निघाली आणि तू तिला मंचावर नेलंस. “बोल रिका, प्रभूनं काय केलं?” ती म्हणाली, “बरं केलं!” सगळं सभागृह उठून उभं राहिलं. तू तिचा हात उंच धरलास आणि म्हणालास, “आता मागं वळून शंका घ्यायची नाही!” तू ते भरात बोललास. तुझ्याकडची माणसं अशी वाक्यं टाळ्यांत ऐकतात आणि गाडी काढेपर्यंत विसरतात. रिका मात्र आपल्या प्रश्नोत्तरीत वाढलेली. पाळकानं सांगितलेलं उत्तर तिच्या लेखी सिद्धान्त असतो, आणि तो अक्षरशः पाळायचा असतो. पुढच्या तपासणीला ती गेलीच नाही. त्याच्या पुढच्याही नाही. “जाणं म्हणजे शंका घेणं ना रे?” मला वाटलं, थट्टा करते आहे. आमच्या घरात थट्टा मी करतो, ती करत नाही, हे त्या वेळी ध्यानात आलं नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वेळेवर आली असती तर काही वर्षं मिळाली असती, कदाचित. मी तुझ्यावर खटला भरायला हे पत्र लिहीत नाही. रविवारी मी आलो होतो तो एवढंच पाहायला, की उपासनेआधी मंचावरच्या तिच्या त्या साक्षीचं चित्रण तुम्ही पडद्यावर अजून दाखवता का. दाखवता. पिवळा स्वेटर, भरलेले गाल, खदखदून हसणं. लोक हात वर करून रडत होते. घरी आलो तर तिनं तेच विचारलं. मला खोटं सांगता आलं नाही. ती म्हणाली, “मग मी मेले तर देव खोटा पडेल रे. कॉर्विनला कळवू नकोस. मला गुपचूप पुरा.” तिला मरणाची भीती नाही, कॉर्विन. तिला लाज वाटते. माझी बहीण आजारी असल्याबद्दल देवाची माफी मागते आहे. मी माझं सगळं शास्त्र वापरून पाहिलं. ती मान डोलावते आणि भिंतीकडे तोंड करते. पाळकानं घातलेलं वाक्य पाळकानंच काढायला हवं. म्हणून ये. वाद्यं नकोत, माणसं नकोत. तिच्याजवळ बस आणि बौमा पाळक बोलायचे तसं, कोरड्या, स्पष्ट शब्दांत सांग, की प्रभूचं वचन तिच्या यकृतावर टेकलेलं नाही, आणि तिनं कुणाला खोटं पाडलेलं नाही. दुपारी ती जागी असते. मागचं दार उघडं ठेवतो. तुला बघून ती “जा” म्हणेल, जाऊ नकोस.

तुझाच,
वेसल