फार्गोचे काढलेले पाटे

नवीन पनवेल
सोमवार, १० मार्च २०२५

प्रिय शुलाताई,
शालोम.

तीन आठवड्यांपूर्वीच्या त्या रविवारी सकाळी मी पोहे भिजवले, नारळ खवला, प्रार्थनेच्या वेळच्या मलिद्याच्या ताटासाठी केळी पुसून ठेवली, कुंडीतला सब्जा कापून ओल्या फडक्यात गुंडाळला. मग खाली जाऊन फार्गो धुतली. शुक्रवारीच धुतली होती, तरी पुन्हा धुतली. जेकबच्या कबरेवर दगड बसायचा दिवस, आणि मी चाकांच्या टोप्या चमकवत होते.

तुमचा गुडघा आता कसा आहे? अश्दोदला थंडी कमी झाली असेल. इथे उकडायला लागलं आहे. माझी तब्येत ठीक. अयाला गुरुवारी तिकडे यायला निघते आहे, तिच्याबरोबर आमसुलं आणि हे पत्र देते. फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो आणि मागून कोणी ना कोणी 'मामी, शालोम' म्हणतं. मग मी हवापाण्याचं बोलते आणि ठेवते.

दगडाबद्दल तुम्ही दर वेळी विचारता. पाथरवट जगन दुसरा घडवतो आहे, एवढंच मी सांगते. आज बाकीचं सांगते, पण मला ते फार्गोपासून सांगावं लागेल.

तुम्हाला जेकबची जुनी फार्गो पिकअप आठवते ती मागून उंच. घर बांधताना विटा-रेती आणायला जेकबने मागच्या कमानींत, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगांत, दोन्ही बाजूंना दोन-दोन जादा लोखंडी पाटे टाकून घेतले होते. घर झालं, पाटे तसेच राहिले. ओझं असलं की गाडी सरळ, रिकामी असली की मागून वर. जेकब म्हणायचा, "पलंगाखाली चप्पल शोधणारा माणूस दिसतो." पाटे काढायचे तो दर वर्षी ठरवायचा. न्हावा शेव्याची नोकरी संपल्यावर काढणार होता. मग आजारपण आलं.

तो गेल्यावर मी गाडी शिकले, हे तुम्हाला माहीत आहे. एक गोष्ट माहीत नाही. त्याची गाड्यांची इंग्रजी मासिकं होती ना, ती मी शब्दकोश घेऊन वाचायला लागले. सातवीपर्यंतची माझी शाळा, एका पानाला दोन दिवस जायचे. त्यात जुन्या पिकअप गाड्यांचे फोटो. मागून खाली केलेल्या, लांब, जमिनीला लागून निघालेल्या. मला त्या फार आवडल्या. जेकबला आवडायच्या म्हणून नाही, शुलाताई. मलाच आवडल्या.

जानेवारीत मी गाडी बुधाजीच्या गॅरेजमध्ये नेली. बुधाजी उरणचा कोळी, जेकबचा जुना दोस्त. त्याने जॅक लावला, जादाचे पाटे काढले, गाडी खाली घेतली. समोर-मागे अगदी सारखी झाली.

"झाली सरल. खूश ना, वयनी?"

"अजून एक-एक काढ."

"अजून? मंग नुसती मिरवायला ऱ्हाईल. वजन घेनार नाय."

"मला कुठे वजन न्यायचंय?"

"सायेब असता तर मला इथनं हाकलला असता," तो म्हणाला आणि हसत हसत आणखी एकेक पाटा काढला. बिल घेतलं नाही. निघताना मात्र हसला नाही. "वयनी, आता हिच्यात गोनीपन टाकू नको. मागं एक्सल वर आदळंल."

मी गाडी घेऊन विचुंब्याच्या रस्त्याने उगाच एक फेरी मारली. नाक्यावर लोक वळून बघत होते. नवऱ्याला जाऊन वर्ष व्हायचं होतं आणि मी आरशात केस सारखे केले.

जगनने दगड तयार झाल्याचा निरोप दिला तेव्हा आपला टेम्पो आणतो म्हणाला होता. मी नको म्हटलं. जेकबचा दगड जेकबच्या गाडीतून जाईल, असं सगळ्यांना सांगितलं. ऐकून सॉलकाकांचे डोळे भरले. खरं कारण असं की कब्रस्तानाच्या फाटकातून सगळ्यांच्या देखत ती गाडी मला आत न्यायची होती. पाटे काढल्याचं मी जगनला सांगितलं नाही. त्याच्या माणसांनी दगड दोन फळ्यांवर आडवा ठेवला, वर गोधडी टाकली. गाडी आणखी खाली बसली. जगन म्हणाला, "ही मागनं बसल्यासारी वाटते, वयनी." मी म्हटलं, "जुनी आहे." तो चौथरा बघायला मोटारसायकलवरून पुढे गेला.

वाटेतला गतिरोधक मला दिसला होता. मी हळूच घेतला, तरी खालून असा दणका बसला की सीट उडाली. त्याच्या पाठोपाठ मागून दुसरा आवाज आला, बारीक, कपबशी ठेवल्यासारखा.

मी थांबले नाही. उतरून गोधडी उचलून बघितली नाही. तसंच पुढे गेले, आणि फाटकातून आत जाताना मान ताठ ठेवली.

गोधडी काढली तेव्हा दगड जेकबच्या नावातून आडवा तडकला होता. सॉलकाका वाकले, हात फिरवला. म्हणाले, "दगडातच शीर असेल."

मी म्हटलं, "असेल."

एवढंच बोलले. जगन तिथे उभा होता. हिब्रू त्याला वाचता येत नाही. पूर्वीच्या दगडांसाठी जेकबनेच त्याला एकेक अक्षर गिरवून दिलेलं, उजवीकडून डावीकडे. तो म्हणाला, "मी हातोडीनं वाजवून घेतला व्हता. पन असंल. माझा कान चुकला असंल." मी सगळ्यांना वास घ्यायला सब्जा वाटायला लागले.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही रागावून ग्रुपवर लिहिलंत की जगनकडे कोणी काम देऊ नका. तुमचा राग बरोबर होता. चुकीच्या माणसावर मीच तो नेऊन घातला. सॉलकाकांनी काकूंच्या कबरेचा दगड जगनकडून काढून पेणला सांगितला. जगन जेकबचा दुसरा दगड पदरचे पैसे घालून घडवतो आहे.

आज बाजारात त्याची सून मिताली भेटली. मी विचारलं, जगन कसा आहे. ती म्हणाली, "बाबा आता दगड वाजवतात, मग मला वाजवायला लावतात. विचारतात, तुला कसा आवाज येतो? मला काय कळतंय त्यातलं, काकी?"

मी कोथिंबीर न घेताच घरी आले.

जेकबशिवाय घरात राहायची मला सवय होत आली आहे. ते दुःख माझं आहे, मी ते सांभाळते. पण जेकबची आठवण काढायला बसले की आता आधी जगनचं तोंड दिसतं. उद्या जगनकडे जाईन असं इथे लिहिणार होते. ते लिहिलं की गेल्यासारखंच वाटेल, म्हणून पत्र इथेच ठेवते.

मंगळवार

आज सकाळी मी फार्गो घेऊन जगनच्या कारखान्यात गेले. मितालीला बाहेर बोलावलं आणि दोघांसमोर सांगितलं: पाटे, दणका, न थांबणं, 'असेल' म्हणणं. जगनने गाडीखाली वाकून बघितलं. उठला, हात पुसले.

"तीन आठवडे, वयनी," तो म्हणाला.

त्याने बस म्हटलं नाही, मीही बसले नाही. तिथून सॉलकाकांकडे गेले, त्यांना सांगितलं. घरी येऊन ग्रुपवर तुमच्या निरोपाखाली तेच माझ्या नावाने लिहिलं. पत्र हाती पडेल तेव्हा काय झालं ते तुम्ही वाचलेलं असेल. का झालं, ते फक्त इथे लिहिलं आहे.

मला वहिनी म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.

आदिना