परड्यातली अंबाडी

३ ऑगस्ट, रविवार

कुलूप! स्वतःच्या घरात, माझ्या नाकासमोर, प्रांजलने परड्याला कुलूप लावलं. परडं कसलं म्हणा — चारकोपच्या बैठ्या घरामागे उरलेली चार खाटांची जागा. तिथे माझी तुळस होती, ओवा होता, एक पपई होती. साकीनाक्याची नोकरी सुटल्यापासून माझ्या लेकाला शेतीचं वेड लागलंय. पपई तोडली, पाइप उभे केले, वर दुधी प्लास्टिक ताणलं आणि म्हणे ग्रीनहाऊस! आत लेट्यूस लावलंय. मोठी हॉटेलं घेतात म्हणे.

लेट्यूस कोण चोरणार? विचारलं, तर म्हणतो, "दार उघडलं की आतलं तापमान बदलतं, आई. आणि तू सारखी डोकावतेस ना."

मी डोकावते! बरं.

६ ऑगस्ट

आत दिवसभर पंखा. तिन्हीसांजेला जांभळा उजेड. मला उकडलं की "सवय कर ना आई", आणि पाल्याला पंखा. असला लाडका पाला मी जन्मात पाहिला नाही.

८ ऑगस्ट, शुक्रवार

शेजारची शकु ओट्यावरून म्हणाली, "वनमाला, प्रांजलची ऑर्किडं फुलली का गं?"

ऑर्किडं! तिला ऑर्किडं सांगितलीत, मला लेट्यूस. मी हसून म्हटलं, फुलतील की. घरातलं बाहेर कशाला काढा? शकु आपलीच आहे, आमची पोरं एकाच ताटात जेवून वाढली. पण तिचा विशाल आता पोलिसात आहे. हवालदाराच्या आईशी बोलताना जीभ जरा आवरलेली बरी.

हा विशाल आणि आमचा प्रांजल — एके काळी एकाची चड्डी दुसरा घालायचा. हल्ली बोलत नाहीत. विशाल गल्लीत दिसला की आमचा आत पळतो. का, ते कोणी सांगत नाही. मी विचारते, मग मीच संशयी.

११ ऑगस्ट

देवाला कधी हात न जोडणारा माझा मुलगा परड्यात अगरबत्ती लावतो! सकाळ-संध्याकाळ, मोगऱ्याची. लेट्यूसची पूजा मांडलीय का? मोगऱ्याच्या मागून दुसराच वास येतो. उग्र. कुंद. धोब्याकडच्या ओल्या कपड्यांत कोणीतरी तमालपत्र चुरडल्यासारखा.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मशीनमध्ये कपडे टाकताना त्याच्या टी-शर्टला चिकटलेलं एक पान सापडलं. हाताच्या बोटांसारखी पाती, कडेला करवतीचे दात.

हे पान मी पाहिलंय. टीव्हीवर पोलीस पोती मांडून उभे असतात आणि कोपऱ्यात हेच चित्र असतं. मशीन चालू करायचंच राहिलं.

तो शब्द मी इथे लिहिणार नाही. माझ्या घरात नाही. याचे बाबा साधी तपकीर ओढायचे, तीसुद्धा मी सोडवली. आणि भिंतीला भिंत लागून पोलिसाचं घर! पोराला आत टाकतील. तुरुंगातून सुटून आलेल्याला कोण उभं करतं?

पान कागदात गुंडाळून मसाल्याच्या डब्यामागे ठेवलंय.

१५ ऑगस्ट

हसू का रडू? दोन्ही केलं.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी झेंडावंदन आटोपून शकुकडे गेले. बाजारातल्या मेथीच्या जुडीत हे आलं, कसलं गं पान, म्हणून विचारलं. अगदी सहज. शकु हिंगोलीकडची, शेतात वाढलेली. तिने चष्माही लावला नाही.

"अगं माय! अंबाडी ही! तुम्हा कोकणातल्यांना नाही का ठाऊक? पाच बोटांची अंबाडी. आमच्याकडं कण्या घालून भाजी करतात. वरनं लसणाची फोडणी. आंबट असती. झकास लागती!"

अंबाडी! शकुला मिठीच मारली. ती म्हणाली, "बरी आहेस ना?"

घरी येऊन देवापुढे साखर ठेवली. आता सगळं समजलं. इंजिनिअर झालेला मुलगा पालेभाजी लावतो, त्याची त्याला लाज वाटत असणार. म्हणून लेट्यूस, म्हणून ऑर्किडं, म्हणून कुलूप. वेडा रे वेडा! आणि मी माझ्या पोटच्या पोराबद्दल काय काय मनात आणलं!

१७ ऑगस्ट, रविवार

तो आंघोळीला गेला तेव्हा पँटच्या खिशातून चावी काढली. (आंघोळीला त्याला अर्धा तास लागतो. मोबाइल घेऊन जातो.)

आत छान आहे हो! कमरेएवढी झाडं, हिरवीगार, ओळीत. लेकाच्या हाताला गुण आहे. शकुने सांगितलं होतं तसे कोवळे शेंडे खुडले, एक चांगली जुडी झाली. बोटांना चिकट लागलं. साबणाने लवकर जाईना.

जुडी शकुला दिली. बाजारात मिळाली, म्हटलं. हे एवढं खोटं चालतं.

१८ ऑगस्ट

शकु भाजी करून वाटी घेऊन आली. भाकरीबरोबर खाल्ली. आंबट कसली — कडवट, तुरट, गवतासारखी. तरी वाटी पुसली, ती समोरच बसली होती ना! तीही खात होती, भुवया वर करून. शेवटी म्हणाली, "आंबट नाही गं ही."

"मुंबईची असेल," मी म्हटलं.

यावर आम्ही दोघी हसलो. मग हसतच राहिलो. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकला तरी हसू येत होतं. शकु सोफ्यावर आडवी झाली आणि घोरायला लागली. मला पाणी प्यायला उठायचं होतं, पण माठ फार लांब होता. माझ्याच घरातला माठ!

जाग आली तेव्हा अंधार पडला होता. तोंडाला कोरड. शकु डोकं धरून बसलेली. म्हणाली, "माय, विशूच्या डब्यात दिली की मी हीच भाजी."

१९ ऑगस्ट

अंबाडी आंबट असते. आंबट नसेल, तर ती अंबाडी नाही. माझ्यासारख्या बाईला भाजीच्या चवीवरून कळायला हवं होतं.

लिहून टाकते. गांजा. माझ्या परड्यात गांजा आहे आणि तो मी पोलिसाला डब्यातून खाऊ घातला.

विशाल काल ड्युटीवरून लवकर घरी आला आणि तसाच झोपला म्हणे. शकु सांगते, "भाजी बाधली असेल. शिळी होती गं ती जुडी." तिला काहीच कळलेलं नाही. का कळलंय आणि दाखवत नाही? आज मला चहाला बोलावलं नाही. रोज बोलावते.

२० ऑगस्ट, बुधवार

प्रांजलला समोर बसवलं. "माका सगळा कळता हां! खरं बोल."

आधी नाही म्हणाला. मग भाजीचं सांगितलं तर पांढराफटक पडला. "विशालने खाल्ली? आई, विशालने?" दुसरं काही विचारलंच नाही. आई तीन तास बेशुद्ध पडली होती, त्याचं काही नाही!

"उपटून टाक," मी म्हटलं.

"आत्ता नाही. एवढं एकच पीक. मग बंद."

"कोणासाठी करतोस हे? कोण आहे मागे?"

गप्प. लहानपणी काच फोडली तरी असाच गप्प बसायचा. मार खायचा, पण नाव सांगायचा नाही. मी खूप रडले. तोही रडला. पण उपटलं नाही.

२३ ऑगस्ट

गल्लीत एक पांढरी गाडी उभी असते. आत कोणी नाही. मीटर बघायला माणूस आला, तो परड्याच्या बाजूलाच जास्त बघत होता. भंगारवाला दोनदा फिरला. सगळे सारखेच दिसतात मला, सगळे पोलीस दिसतात.

२४ ऑगस्ट

विशाल दारात भेटला. हसला. "काकू, अंबाडी मस्त होती हां! अजून आहे?"

असं का म्हणाला? त्याला बाधली होती ना ती? डोळे हसत नव्हते त्याचे. त्याला माहीत आहे. पुरावा गोळा करतोय. पोलीस असेच गोड बोलतात आधी.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. दीड दिवसाचे. मोदक फुटले — उकड घेताना माझं लक्ष कुठे होतं!

विशाल बंदोबस्तातून वेळ काढून, वर्दीतच दर्शनाला आला. पाया पडला. प्रांजल स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिला, भांडी घासायच्या निमित्ताने. या घरात त्याने जन्मात भांडं घासलं नाही. विशालने मोदक खाल्ला आणि मागच्या दाराकडे बघत म्हणाला, "अगरबत्तीचा वास छान आहे, काकू."

मला आरती म्हणवेना.

३० ऑगस्ट, शनिवार

ठरवलं. वाट बघत बसायचं नाही. धाड पडली की सगळं हाताबाहेर जाईल. त्याआधी मीच विशालला सांगते. कितीही झालं तरी माझ्या हातचं खाऊन वाढलेला मुलगा आहे. गोवर आला तेव्हा शकु कामावर जायची, मीच त्याला मांडीवर घेऊन बसले होते. प्रांजल माझं तोंड बघणार नाही. न बघू दे. तुरुंगाबाहेर राहून न बघू दे.

१ सप्टेंबर, सोमवार

सांगितलं! शकु बाजारात गेलेली बघून गेले. पदर पसरला अगदी. "विशू, झाडं जाळ, काय हवं ते कर, पण माझ्या पोराचं नाव कुठे येऊ देऊ नको."

त्याने शांतपणे ऐकलं. मला पाणी दिलं. मग एवढंच विचारलं, "आईला बोललात का?" नाही म्हटलं. "अजून कोणाला?" कोणालाच नाही. "बोलू नका. मी बघतो, काकू. तुम्ही निश्चिंत राहा."

किती समजूतदार! आणि मी त्याच्याबद्दल काय काय लिहून ठेवलंय वर. त्याच्या पायाशी बसून रडले. त्याने उठवलं मला.

४ सप्टेंबर

परडं रिकामं! पहाटे कधी नेलं, कळलंही नाही. एक पान नाही मागे. विशालने शब्द पाळला. पोलीस नाहीत, पंचनामा नाही, गाजावाजा नाही.

प्रांजल माझ्याशी बोलत नाही. "तू कोणाला सांगितलंस ते तुला कळत नाही, आई," एवढंच म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. राग आहे, जाईल. मी आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

८ सप्टेंबर, सोमवार

विशाल आला होता. खोक्यात, ओल्या फडक्याखाली, नवी रोपं. आधीची झाडंही त्याचीच होती. आमचं फक्त परडं. प्रांजलकडे खोकं देऊन मला म्हणाला, "आता बरं झालं, काकू. लपवालपवी नको. आता तुम्हीपण आपल्यातल्याच."

प्रांजल माझ्याकडे बघेना.

पलीकडून शकुने हाक मारली, "विशू आहे का गं तिकडं?"

मी म्हटलं, "नाही."