दोघांवर कसलेली स्प्रिंग

लाम्पांग, १२ नोव्हेंबर

प्रिय पिकुल,

आज ऑइल बदललं, चेन धुतली. उद्या आपल्या जुन्या गाडीवरून नातीला, मालिवानला, आणायला चियांग रायला जायचंय. पण तू गेल्यापासून गाडी खड्ड्यात फार उसळते. म्हणून चारून मेकॅनिकला दाखवली.

"काका, मागे कोण बसतं हो? मागची स्प्रिंग अजून दोघांच्या वजनावर कसलीय. एकटे उडणारच की बेडकासारखे!"

"असू दे."

"काकू असत्या तर तुमचे कान उपटले असते."

स्प्रिंगचं मला पाच महिन्यांपासून ठाऊक होतं. ती सैल करायला मन धजत नव्हतं.

घरी येऊन मी स्प्रिंग दोन खाचा सैल केली. परतताना मालिवान मागे बसेल, तेव्हा पुन्हा कसावी लागेल. पाना पुसून पिशवीत ठेवला.

तुझा,
थानोम