वाफ्यात चप्पल नको

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (हल्ली वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, तेव्हा हा नमस्कार साधासुधा समजू नकोस.) तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी ऑपरेशननंतर नीट चालायला लागले का? माझ्या भाचीची, टिटवीची खुशाली मात्र विचारत नाही, कारण तुझ्या पत्रात ती आलीच आहे. पोरगी पुस्तकावर डोकं टेकून झोपते, जिन्यात मध्येच बसकण मारते, शाळेच्या धावण्याच्या संघातून तिचं नाव गेलं, आणि तू तिला आळशी म्हणून रोज फैलावर घेतेस. ते पत्र मी चारदा वाचलं.

आमच्या रोपवाटिकेचा नियम तुला ठाऊक आहेच, वाफ्यात चप्पल नको. चपलेनं माती दबते, कोवळी रोपं मोडतात, आणि वाफ्याला पाणी हवं की नको हे फक्त तळपायाला कळतं. (हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की मी सुरुवात केली की तुझी भावजय आतून भांडी आपटते.) भाऊजींच्या आजारपणात टिटवी सहा महिने आमच्याकडे राहायला आली, तेव्हा पहिल्याच सकाळी मी तिच्या चपला फडताळावर टाकल्या, तिचा हात पोचणार नाही इतक्या उंच. आठवड्याभरात तिच्या बोटांच्या बेचक्यांत खाज सुटली, बारीक पुरळ आलं. मी म्हणालो, माती ओळख करून घेतेय. पुढे काही महिन्यांनी ती मातीचे खडे लपूनछपून चघळताना सापडली, तेव्हा तर मला आकाश ठेंगणं झालं. घराण्यात मातीची गोडी असलेलं एक तरी पोर निपजलं, असं मी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटलो. ताई, अंगातलं रक्त कमी झालं की काही माणसांना माती खावीशी वाटते, हे तेव्हा मला कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच शहाणपण शिकवलं असतं.

मग माझी पाळी आली. पाण्याची झारी उचलली आणि मिरचीच्या रोपांवर सपशेल बसलो. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि रक्त व शौच, दोन्ही तपासून आणायला सांगितलं. नेमका त्याच दिवशी मला माती तपासणी कार्यालयात वाफ्यातली मातीही द्यायची होती. बियांच्या दोन सारख्या डब्या घेतल्या, दोन्ही कागदात नीट बांधल्या, आणि (तू आता हसशील, हस बाई) उलटसुलट देऊन आलो. रक्त-लघवी तपासणाऱ्या मुलीनं डबी उघडली तर आत बोटभर जिवंत गांडूळ! ती किंचाळत बाहेर आली आणि अर्ध्या दिवसात माझी कीर्ती बाजारभर झाली. माती तपासणीवाल्यांनी मात्र निमूटपणे अहवाल पाठवला: सेंद्रिय घटक भरपूर, यंदा खताची गरज नाही, निचऱ्यासाठी थोडी वाळू मिसळावी.

दुसऱ्यांदा डबी योग्य जागी पोचली आणि निकाल आला. आतड्यात जंत, तेही रक्त पिणारे. डॉक्टर म्हणाले, लोक उघड्यावर बसतात तिथल्या ओल्या मातीत यांची पिल्लं असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. मग विचारलं, तुमच्याकडची माणसं कुठं जातात? ताई, शेडमागचा संडास वर्षभर तुंबलेला होता. पुढच्या आठवड्यात बघू म्हणत मी तो तसाच ठेवला, आणि सगळे खताच्या ढिगामागे जात होते, मीही. तिथलं पाणी उतारानं खालच्या वाफ्यात येतं. तो वाफा मी टिटवीला दिला होता, तिचा स्वतःचा म्हणून.

आता संडास नीट झालाय, सगळ्यांनी गोळ्या घेतल्या, फाटकाशी गमबूट रांगेत उभे आहेत. माझ्या तळपायाची विद्या बुटात बंद झाली, तरी रोपं जगतायत, त्यांना काहीच फरक पडलेला नाही. मला मात्र पडलाय. गेले नऊ दिवस हे पत्र मी लिहितोय आणि फाडतोय.

तुझा (तुला अजून हवा असेल तर)
धाकटा

ता. क. टिटवीला आजच्या आज दवाखान्यात ने. रक्त आणि शौच दोन्ही तपासून घे. जंत गोळीनं जातील, पण गेलेलं रक्त भरून यायला महिने लागतील, तोवर तिला पळवू नकोस, बोलू नकोस. हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं. हिंमत झाली नाही.

ता. क. दुसरा. पोरगी कामचुकार झालीय, दोन ओळी लावल्या की बसते, हे तुला फोनवर मीच सांगितलं होतं. तुझ्या तोंडी आज जो आळशी शब्द आहे तो माझा आहे, तो तिच्यासमोर परत घे. मी फोनवर बोलत होतो तेव्हा ती दारातच उभी होती. त्यानंतर इथून निघेपर्यंत ती एकदाही दमले म्हणाली नाही, आणि पोरगी सुधारली म्हणून मी खूश होतो.